पातळ चाकी खाली

कार्तिक शुद्ध ६, शके १८५७. जालना.

"ह्या झोपाळ्याची चाकी ढिली हाय."

सत्तावीस वर्षं झाली ह्या वाक्याला. भोकरदनला आमच्या ओसरीवर मला बघायला पाहुणे आले होते. मी पाटावर मान खाली घालून बसलेली, वय पंधरा. वडील शाळामास्तर. मुलीला लिहायला-वाचायला शिकवलंय हे पाहुण्यांना सांगावं की लपवावं ह्या घोरात. सगळे मुलाच्या तोंडाकडे बघतायत. मुलाने पोहे संपवले, पाणी प्याला, बसल्या जागी झोपाळ्याचे दोन हेलकावे घेतले — आणि हे बोलला!

काकासाहेब, माझे चुलते, तापट. म्हणाले, "पाहुनं, पोरीबद्दल बोला की काहीतरी!"

मुलाने खिशातून पाना काढला. मुलगी बघायला येताना खिशात पाना! फळीखाली वाकून चाकी आवळली, झोपाळा एकदा हलवला, कान दिला, म्हणाला, "आता बराबर." तीच पसंती धरली. वडिलांनी लग्नात तोच झोपाळा आंदण दिला. "आम्ही घरातली नऊ माणसं त्यावर बसायचो, कुणाला कधी कुरकूर ऐकू आली नाही. ज्याला आली त्यानेच न्यावा."

आज आठवलं, कारण सकाळपासून घरात चाक्यांशिवाय बोलणं नाही. (कारखान्यात नट म्हणतात. वडील चाकी म्हणायचे, मी तेच लिहिते.) जेठमल शेठजींनी कापसाच्या जीनसाठी सिकंदराबादहून नवा फिटर आणलाय — रामकिसन. रेल्वेच्या कारखान्यात शिकलेला, तिशीचा. सोबत चाक्यांनी भरलेलं एक लाकडी खोकं. आमचे मिस्त्री संध्याकाळी घरी आले ते तोंड फुगवूनच.

"काय आणलं त्यानं खोक्यात?"

"खेळणी."

"म्हंजे?"

"समोर बस, सांगतो."

गेली दोन वर्षं हे एक नवीन. जेवताना समोर बस, चहा पिताना समोर बस. लग्न झालं तेव्हा सहा महिने माझ्याकडे बघायला लाजणारा माणूस! मागच्या घरातल्या झुंबरबाईला सांगितलं तर ती म्हणते, "वैनी, म्हातारपनी पालवी फुटली बघा." लेक गोजर सासरी गेली, घरात दोघंच, तेव्हा फुटली असेल. मला काही वाईट वाटत नाही, वही. तुला म्हणून सांगते.


कार्तिक शुद्ध ९

रामकिसन जेवायला आला होता. बायको सिकंदराबादला, इथे खानावळीचं खातो म्हणून मीच बोलावलं. मिस्त्री म्हणाले, "बोलाव. पर पिनेचा विषय काढू नको." मी कशाला काढू! त्यानेच खिशातून चार-पाच चाक्या काढून ताटाशेजारी मांडल्या आणि मी आमटी वाढायची सोडून बघत बसले.

चौकोनी तर आपली जुनी, जीनमध्ये लाकडी वाशांवर जिकडे तिकडे तीच. सहा कोनांची नवी — अडचणीच्या जागी पाना थोडासाच फिरवता आला तरी चालतं. एकीला दोन पंख. तिला पाना लागत नाही, बोटांनीच आवळायची, बोटांनीच सोडायची. मला तीच आवडली. एक पितळेची, टोपी घातलेली, बोल्टचं टोक झाकून टाकणारी, अगदी आमच्या शेठाणीसारखी पदर नाकापर्यंत ओढून. आणि शेवटची वरून किल्ल्यासारखी. बुरुजाला असतात तशा सहा खाचा. बोल्टला आरपार भोक असतं. चाकी आवळायची, खाच भोकासमोर आणायची, त्यातून पिन घालायची आणि पिनेचे दोन पाय दोन बाजूंना वाकवायचे. मग चाकी फिरूच शकत नाही.

मी विचारलं, "पण आवळलेली चाकी ढिली पडतेच कशी? हात कुणी लावत नाही तर?"

"भाभी," रामकिसन म्हणाला, "आवळलं का बोल्ट जरासा तानला जातो. तो तान हाय तोवर चाकी जागेवर. मशीन दिवसभर थरथरती. थरथरीनं हळूहळू तान जातो. मंग चाकी आपल्या आपन फिरती. येका दिसात न्हाई कळत. पंधरा दिसांनी येकदम खाली!"

मिस्त्री भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाले, "तीस वर्सं झाली मला. रोज भोंग्याच्या आदी, इंजिन थंड असताना, येकेका चाकीवर हातोडी मारतो. टण्ण आलं तर बसलेली. बद्द आलं तर आवळायची. कशाला पिना नि कशाला बिना! आन तुही पिन चाकीला पडू देत न्हाई, ढिली पडायची थांबवती का? ढिली होऊन लटकून राहील. कुनाला कळनार बी न्हाई."

रामकिसनने मान डोलावली. मग खाली ताटात बघत हळूच म्हणाला, "खरं हाय उस्ताद. पर सगळ्यांचे कान तुमच्यासारखे नसतात."

मी ह्यांच्याकडे बघितलं — आता शाबासकीने फुगतील म्हणून. हे म्हणाले, "घ्या की अजून भाकर."

स्तुतीची सवय नाही माणसाला! मला हसू आलं.


कार्तिक शुद्ध १०

वाती वळल्या. मिस्त्रींनी दोनदा "समोर बस" म्हटलं. दुसऱ्यांदा मी म्हटलं, "आता काय आरतीने ओवाळू का?" तर हसले — पण जरा उशिरा.


कार्तिक शुद्ध १२

तुळशीचं लग्न. अंतरपाट धरायला झुंबरबाई आली. ती आमच्या मागच्या घरात राहते, जीनमध्ये कामाला जाते. तिथे शंभरावर बाया ओळीने बसून यंत्रात कापूस सारतात. इंजिन सुरू झालं की शेजारणीचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून सगळ्या ओठांनी बोलतात, आवाज न काढता. ती सवय इतकी की झुंबरबाई घरीसुद्धा मध्येच आवाज बंद करते नि नुसतं तोंड हलवते. मी सांगावं, "झुंबरबाई, आवाज!" तेव्हा परत सुरू.

आज लग्न लागलं, पोहे वाटून झाले, बाया गेल्या. ती रेंगाळली. मग ओटीच्या गाठीतून काहीतरी काढून माझ्या हातात दिलं. जड, थंड, तेलकट. चौकोनी चाकी.

"काल माझ्या कापसात पडली, वैनी. वरून. हितं," तिने मांडीला हात लावला, "हितं येऊन पडली. दोन बोटं अलीकडं पडती तर डोसक्यात."

"वरून कुठून?"

"वर तो लांब दांडा फिरतो न्हाई का, ज्याच्यावर सगळे पट्टे चालत्यात? त्याच्या टांगन्याची. चाकी कापसासंगं यंत्रात गेली असती तर ठिनगी उडून समदा कापूस पेटला असता. मुकादमाला दिली न्हाई. म्हनलं, मिस्त्रींची हाय."

"का दिली नाहीस?"

आता आवाज बंद. नुसते ओठ. मला अर्धंच कळलं — की तिची पोर आजारी होती तेव्हा मिस्त्रींनी मुकादमाशी भांडून तिला सुट्टी मिळवून दिली होती.

"आणि तू जागा बदलून घेतलीस ना?"

"कशी बदलू? मुकादम इचारंल, का म्हनून."

चाकी हळदी-कुंकवाच्या डब्यात ठेवलीय. दुसरी जागा सुचली नाही.


कार्तिक शुद्ध १३

मिस्त्री घरी आले ते दोन्ही गुडघ्यांना कापूस लागलेला. केसांतही.

"रांगत होता का?"

"पाना पडल्ता. शोधून राह्यलो होतो."

पाना तर खिशात होता. सकाळी निघतानाही होता!

डब्यातली चाकी डब्यात. चाकी पडलेली ह्यांना कळलंय. सकाळी शिडीवर चढले असतील तेव्हा बोल्ट उघडा दिसला असेल, दुसरी लावली असेल, आणि पडलेली कुठे गेली म्हणून यंत्रांखाली शोधत असतील. पण ती ढिली असताना रोज सकाळी त्यांनीच हातोडी मारली होती. पंधरा दिवस मारली होती. बद्द आवाज आलाच असेल. मग?


कार्तिक पौर्णिमा

आज मी एक वाईट गोष्ट केली.

ते जीनवर गेल्यावर त्यांच्या जुन्या पान्याने झोपाळ्याच्या डाव्या कडीची चाकी दोन फेरे सोडली. किती जड जातं! दोन्ही हात लावावे लागले. मग बसून बघितलं. कुरकूर. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. माझ्या माहेरचा आवाज — वडील दुपारी पेपर वाचायचे तेव्हाचा. आम्हाला तो कुरकूर वाटायचाच नाही, दुपार वाटायची.

संध्याकाळी हे आले. हात-पाय धुऊन झोपाळ्यावर बसले. कुर्र — कुर्र. मी चुलीपुढे पाठ करून बसले, वळून बघायची हिंमत नाही. तोंडात "देवा, आता म्हणू दे, आता म्हणू दे." कुर्र — कुर्र. अर्धी घटका. मांजरसुद्धा कान टवकारून उठलं.

मग म्हणाले, "भाकरीचा वास भारी येऊन राह्यला."

मी धुराच्या निमित्ताने डोळे पुसले. धूर नव्हता.


कार्तिक वद्य १

मांजराने ऐकलं. मांजराने!


कार्तिक वद्य २

खात्री करायची म्हणून आज दुसरी लबाडी. चहा त्यांच्या हातात दिला, पदर नाकावर ओढला — पडसं झाल्यासारखा — आणि पदराआडून अगदी स्पष्ट म्हटलं, "चहात साखर घातलेली नाही. चूल सारवायची माती घातलीय."

माझ्या तोंडाकडे बघत होते, पदराकडे. एक क्षण गडबडले. मग घोट घेऊन म्हणाले, "चांगला झालाय."

हसू आलं, खरंच आलं. पदराआड हसले. आणि हसता हसता सगळं एकदम उलगडलं. समोर बस! पालवी नव्हे ती. ओठ वाचतायत. दोन वर्षं माझे ओठ वाचतायत. म्हणून हसणं उशिरा येतं. रामकिसन ताटात बघून बोलला ते पोचलंच नाही, म्हणून "घ्या की अजून भाकर."

आणि जीनमध्ये कुणाच्या लक्षात कसं येईल? तिथे दिवसभर कुणालाच काही ऐकू येत नाही! तिथे सगळेच ओठांनी नि हातांनी बोलतात. तीस वर्षं त्या आवाजात काम करून कान गेले, आणि तोच आवाज ते झाकतोय. उघडं पडायची जागा एकच — सकाळी, भोंग्याच्या आधी, शांत जीनमध्ये हातोडी घेऊन उभा एकटा माणूस. आणि आमचं घर.

खरं सांगू? मला थोडा रागही आला. दोन वर्षं मी समोर बसताना कुंकू नीट करत होते.


कार्तिक वद्य ३

मग चाक्या ओळखतात कशा? आज आडवळणाने विचारलं. समोर बसून, ओठ नीट हलवून. (माझंच मला हसू येत होतं.)

"तुम्ही हातोडी मारता तेव्हा दुसरा हात कुठं असतो?"

माणूस खूश. कामाचं विचारलं की खूश. "चाकीच्या दुसऱ्या बाजूला बोट. हातोडी मारली का बोटाला कळतं. बसलेली असंल तर नुसता ठोका. ढिली असंल तर चाकी बोटाला धक्का देती. आवाजाच्या आदी बोट सांगतं."

"आणि वरच्या दांड्याच्या?"

"शिडीवर दुसरा हात शिडीला लागतो," म्हणाले. मग उठून अंगणात गेले.

तर असं आहे. खालच्या चाक्या बोट सांगतं. वरची ओळ — चौसष्ट बोल्ट — तिथे एक हात शिडीला, एका हातात हातोडी, बोट ठेवायला तिसरा हात नाही. तिथे फक्त कान. आणि त्या ओळीच्या खालीच बाया बसतात.

शेठजींना कळलं तर? गेल्या साली इंजिनवाल्याची नजर गेली, शेठजी वाईट माणूस नाही, शालही दिली त्याला — आणि घरी बसवलं. तो आता राजूरला देवळापुढे नारळ विकतो. विकण्यात वाईट काही नाही. पण आमच्या ह्यांना नारळ देऊन बघा — दोन ठोके मारून, आतून ढिला हाय म्हणून परत करतील!

हसून लिहितेय. पण झुंबरबाई उद्याही तिथेच बसणार आहे.


कार्तिक वद्य ४

केलं. जेवायला वाढलं — भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा, आणि ठेच्याशेजारी, कांद्याच्या जागी, ती चाकी. धुऊन, पुसून.

बघितलं त्यांनी. मग माझ्या तोंडाकडे बघितलं.

"कुठं सापडली?"

"झुंबरबाईच्या ओटीत."

"लागलं तिला?"

"नाही. दोन बोटं अलीकडे पडती तर लागलं असतं."

तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "हीच शोधून राह्यलो होतो," म्हणाले. मग चाकी उचलून खिशात टाकली आणि जेवले. सगळं जेवले, भरीत परत मागितलं. उठताना पुन्हा माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "मुकादमाला न्हाई दिली तिनं?"

"नाही."

"का?"

मी ओठ हलवले नाहीत. उत्तर त्यांना माहीत आहे.

कानाचं एक अक्षर बोलले नाहीत. मीही नाही.


कार्तिक वद्य ६

दुपारी रामकिसन दळणाच्या वाटेवर भेटला, पोट धरून हसत होता.

"भाभी, उस्तादनी कमाल केली! सकाळी शेठजीकडं गेले, म्हनले, वरच्या सगळ्या बोल्टांना दुसरी चाकी पाहिजे. चौसष्ट. पातळ. शेठजी म्हनले, रखमाजी, येक चाकी तुला तीस वर्स पुरली, आता दोन कशाला? मी म्हनलं, पिनवाले लावू. उस्ताद म्हनले, वरच्या बोल्टांना भोकं कुठं हायेत? बोल्ट काढून भोकं पाडायची म्हंजे जीन आठ दिवस बंद. शेठजीचं तोंड असं झालं! लगेच सिकंदराबादला तार."

"मग हसताय कशाला?"

"नमुना म्हनून मी इंजिनवर येका बोल्टला दोन नट लावले. जाड खाली, पातळ वर, झाकनासारखा. सगळीकडं असंच लावतेत. उस्तादनी सगळ्यांपुढं माझा कान धरला! 'पातळ चाकी खाली! रेल्वेत काय रूळ मोजायला शिकवलं का तुला?'"

संध्याकाळी मी मुद्दाम विचारलं. समोर बसून. असं का, म्हटलं. मलाही जाड खाली नि पातळ वर हेच शहाणपणाचं वाटतं. पातेल्यावर झाकण ठेवतो तसं.

खिशातून ती पडलेली चाकी काढली, एक पातळ काढली, एक बोल्ट. (खिशात अजून काय काय आहे देव जाणे!) माझ्या हातात दिलं. "लाव."

मी पातळ लावली. तिच्यावर जाड लावली, पाना घेऊन आवळली.

"आता दोन पाने. वरची जाड धरून ठेव. खालची पातळ उलटी फिरव. जराशी. वरचीच्या अंगावर."

फिरेना. मग एकदम बसली. जाणवलं हाताला.

"बघ. खालची वरचीला वर ढकलती, वरची खालचीला खाली दाबती. दोघी आट्यांत दोन बाजूंनी रुतल्या. आता किती बी थरथर होऊ दे, फिरायला जागाच न्हाई. आन सगळा भार आता कुनावर?"

"वरच्या."

"मंग जाड कुठं पाहिजे?"

"वर!"

"रामकिसनपेक्षा तुला जल्दी कळलं," म्हणाले. आणि लगेच, "त्याला सांगू नको."

एवढं ज्ञान असून तीस वर्षं एकाच चाकीवर का काढली, हे मात्र विचारायचं राहिलं. नाही, राहिलं नाही. मला ठाऊक आहे. दुसरी चाकी लावायची म्हणजे कानावर भरवसा नाही असं जगाला सांगायचं. आज त्यांनी ते सांगितलं. शेठजींपुढे, मुकादमापुढे. कुणालाही न कळता सांगितलं.


कार्तिक वद्य ८

झोपाळ्याची चाकी परत आवळायची राहिलीच होती. आज ते गेल्यावर पाना घेऊन फळीखाली वाकले.

दोन चाक्या. पातळ खाली, जाड वर. नवीन तेल.

बसून हलवून बघितला. एक शब्द नाही झोपाळ्याचा.

कधी लावली? पौर्णिमेलाच कळलं असणार. कानाने नाही, पाठीला कळलं असेल, कडी धरलेल्या हाताला कळलं असेल. अर्धी घटका त्या कुरकुरीवर बसून राहिले, आणि मला परीक्षा घेऊ दिली. वर "भाकरीचा वास भारी"! आणि मी चुलीपुढे रडतेय!

लबाड माणूस.

म्हणजे त्यांना माहीत आहे की मला माहीत आहे. मला माहीत आहे की त्यांना माहीत आहे. आणि जेवताना दोघं वांग्याबद्दल बोलतो.


कार्तिक वद्य ९

सिकंदराबादची तार आली. पातळ चाक्या पंधरा दिवसांनी येणार. तोवर वरची ओळ एकेका चाकीवरच.

आज मिस्त्री भोंग्याच्या दोन तास आधी गेले. काल दीड तास. चौसष्ट चाक्या शिडीवरून दोन-दोनदा ठोकतात, म्हणते झुंबरबाई, आणि हिशेब न लागल्यासारखे परत पहिल्यापासून. पहारेकऱ्याने तिला सांगितलं की मिस्त्री शिडीचा हात सोडून बोट लावायला बघतात. आज सकाळी शिडी सरकली. पडले नाहीत. नडगी सोलली आहे. मला म्हणाले, "खाटंला ठेचकाळलो." खाट तर उभी करून ठेवलेली असते दिवसभर!

समोर बसून म्हटलं, "रामकिसनला वर चढवा ना पंधरा दिवस."

"तो इचारंल का बरं मी चढत न्हाई म्हनून. मंग काय सांगू?"

हळद लावून नडगी बांधली. जोरात बांधली.

वरून पडली तर झुंबरबाई. शिडीवरून पडले तर हे.

झुंबरबाई तिथेच बसते. आज म्हणाली, "मिस्त्री वर हायेत तोवर मला भ्या न्हाई, वैनी." मी तिच्या तोंडाकडे बघू शकले नाही.


कार्तिक वद्य १०

आज दिवसभर एकच विचार. काम सगळं चुकलं — पिठलं गाठीचं झालं, ह्यांनी "पिठल्याला चाक्या लागल्या" म्हणून चिडवलं.

मला पंधराव्या वर्षी ती कुरकूर ऐकू आली नाही, खरं. पण सत्तावीस वर्षं ह्या घरात हातोडीचा आवाज ऐकलाय. पातेलं, बादली, कोयंडा — काय ठोकून बघितलं नाही ह्या माणसाने! दुपारी पाना घेऊन घरातलं सगळं लोखंड ठोकत फिरले. कोयंडा बद्द. बादलीची कडी टण्ण. दाराची बिजागरी बद्द, अगदी बद्द. डोळे मिटूनही सांगता येतं. शेजारणीने भिंतीवरून डोकावून विचारलं, "वैनी, काय हरवलं?"


कार्तिक वद्य ११

उद्या विचारणार आहे. चहाच्या वेळी. समोर बसून. आणि आवाज अजिबात न काढता, झुंबरबाईसारखे नुसते ओठ हलवून — म्हणजे कळलं नाही असं त्यांना म्हणता येणार नाही, आणि कळलं तर सगळंच कबूल होईल. नाही म्हणतील. मिस्त्रींच्या बायकोने पहाटे जीनमध्ये? पहारेकरी काय म्हणेल, शेठजी काय म्हणतील! पण नाही म्हणायला तरी माझ्या ओठांना उत्तर द्यावं लागेल. वाक्य ठरवलंय. आरशापुढे तीनदा म्हणून बघितलं:

पातळ चाक्या येईपर्यंत मला घेऊन चला. तुम्ही दोन्ही पाय नि एक हात शिडीला लावून ठोका, मी खाली उभी राहून ऐकते. बद्द आला की हात वर करते. न्याल का?